घरासाठीं कॅमेरा घेतांना

गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्या दिवशीं दादांनीं सर्व मंडळींसमोर रुद्राचें आवर्तन म्हटलें. घरांतील एका तरुणानें मित्राचा कॅमेरा उसना आणून तो सारा प्रसंग टिपला. चित्र इतकें सुरेख आलें कीं, दादांच्या कपाळावरील सुरकुत्या मोजून घ्याव्यात. पण आवाज ऐकूं जावें तों छताच्या पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरांतील भांड्यांचा खणखणाट! पुढें दिवाळीच्या आंतच दादा गेले. आतां तें चित्रण लावलें म्हणजे दादांचे ओठ हलतांना दिसतात, आणि कानीं पंखा येतो.

यंदा पुतण्या म्हणाला, "काका, आतां घरचाच एक चांगला फुल-फ्रेम कॅमेरा घेऊं. फोटोही त्यानेंच निघतील आणि व्हिडिओही. पण कोणता घ्यावा ?" घरांत वहिनी आहेत. त्यांना जात्यावरच्या शेंकडों ओव्या मुखोद्गत आहेत, आणि त्या अद्याप कोणींही उतरून घेतलेल्या नाहींत. त्यामुळें प्रश्न केवळ हौसेचा राहिला नव्हता. मी जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेणारा मास्तर. परंतु विषय समजून घेतल्याखेरीज पैसा खर्चूं नये, ही जुनी खोड. दोन महिने वाचलें, जाणत्यांना विचारलें, दुकानांत यंत्रें हातांत घेऊन पाहिलीं. त्यांतून जें हातीं लागलें, तें इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडतों.

प्रथम शब्दाचा अर्थ. ज्या कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टिका, म्हणजे सेन्सर, ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते, तो फुल-फ्रेम. हें माप आलें सिनेमापासून. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका चित्राची चौकट सुमारें २४ गुणिलें १८ मिलिमीटरची असे. जर्मनींतील ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञानें तीच फिल्म आडवी चालवून दोन चौकटींची एक केली, आणि तिच्याकरितां लहानसा फोटोचा कॅमेरा बनविला. तोच पुढें १९२५ सालीं 'लायका' या नांवानें बाजारांत आला. आपल्याकडे प्रवास उलट दिशेनें झाला. दादासाहेब फाळके आधीं गोध्रा येथें फोटोग्राफीचा धंदा करीत. पुढें त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतरानें एकेक चौकट घेऊन चित्रित केली, आणि मग १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. स्थिर चित्र आणि चलच्चित्र हीं अशीं सख्खीं भावंडें आहेत. पण सख्ख्या भावंडांचेही स्वभाव सारखे नसतात.

धांवत्या मुलाचा फोटो घ्यावयाचा तर शटर सेकंदाच्या पांचशेंव्या भागापुरतेंच उघडावें लागतें. व्हिडिओंत सेकंदाला २५ चौकटी घेत असतां प्रत्येक चौकटीस सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश मिळाला, म्हणजे हालचाल डोळ्यांना सहज वाटते; वेळ त्याहून फार कमी केला तर माणसें झटके देत चालल्यासारखीं दिसतात. शिवाय आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळें या प्रमाणांत दिव्यांची फडफड चित्रांत उतरत नाहीं. मात्र भर उन्हांत तेवढ्या वेळानें चित्र पांढरें फटक पडतें. म्हणून लेन्सपुढें एन-डी फिल्टर नांवाची करडी कांच लावावी लागते. ती खरेदीच्या यादींत अवश्य धरावी.

दुसरा भेद बिंदूंचा. ज्याला फोर-के व्हिडिओ म्हणतात, त्याच्या एका चौकटींत ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे सुमारें ८३ लक्ष बिंदू असतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर २ कोटि ४० लक्ष बिंदू असतात. तेवढ्यांत भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो उत्तम निघतो, आणि त्यांतून गाळून घेतलेला व्हिडिओही रेखीव होतो. ४५ मेगापिक्सेलचा मोह धरला तर फाइली जड होतात. शिवाय सेन्सर ओळीओळीनें वाचला जातो. ओळी जितक्या अधिक, तितका बहुधा वेळ अधिक, आणि मग आगगाडींतून टिपलेले खांब तिरपे दिसूं लागतात. दोन्ही कामें एकाच यंत्राकडून करून घ्यावयाचीं असतील, तर २४ ते ३३ मेगापिक्सेल हा मध्यम मार्ग बरा.

आतां मुख्य गोष्ट. २००८ सालीं कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या कॅमेऱ्यानें फुल-फ्रेममध्यें पूर्ण एच-डी व्हिडिओ आणला. २०१३ सालीं सोनीचा आरसा नसलेला ए-७ निघाला. त्यानंतर हीं यंत्रें इतकीं सुधारलीं कीं, आज कोणत्याही नामांकित कंपनीचें घेतलें तरी घरगुती फोटो चांगलाच येतो. खरें तारतम्य व्हिडिओंत दिसतें. यास्तव ज्याला दोन्ही हवीं, त्यानें परीक्षा व्हिडिओची घ्यावी. जो कॅमेरा तींत उत्तीर्ण होईल, तो फोटोंत सहसा मागें राहत नाहीं.

या परीक्षेचे प्रश्न पांच. पहिला : चित्रण न थांबतां किती वेळ चालतें ? युरोपांतील जकातीच्या नियमांमुळें पूर्वींचे पुष्कळ कॅमेरे अर्धा तास पुरा होण्याच्या आधींच थांबत. कांहीं तापल्यामुळें थांबतात. २०२३ सालच्या पॅनासॉनिक एस-५ मार्क टू मध्यें तर याकरितां आंत पंखाच बसविला आहे. ज्या घरांत पूजा, कीर्तन किंवा मुंज टिपावयाची, तेथें हा प्रश्न प्रथम विचारावा. दुसरा : पूर्ण सेन्सर वापरला जातो काय ? सोनीच्या २०२१ सालच्या ए-७ मार्क फोर मध्यें सेकंदाला ६० चौकटींचें फोर-के चित्रण केवळ मधल्या भागावर होतें. कॅननच्या २०२२ सालच्या आर-६ मार्क टू मध्यें तें पूर्ण रुंदीवर होतें. लहानशा माजघरांत हा फरक फार जाणवतो. तिसरा : फोकस चेहऱ्यामागें न चुकतां फिरतो काय, आणि हाताचा कंप आंतल्या आंत सांवरला जातो काय ? चौथा : बाहेरचा माईक आणि कानाला लावावयाचा हेडफोन, या दोहोंसाठीं जागा आहे काय ? पांचवा : सांठवण परवडेल काय ? सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानें एका तासाचें चित्रण सुमारें ४५ गिगाबाइट होतें. कार्ड आणि घरीं दोन प्रती ठेवण्याची सोय यांचाही हिशेब धरावा.

पैशाची वांटणी मी अशी सुचवितों : एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक नुसत्या कॅमेऱ्यावर घालूं नये. उरलेल्यांत एक चांगली लेन्स, माईक, तिकाटणें आणि कार्डें यावींत. घरगुती कामास २४ ते १०५ मिलिमीटरची एकच लेन्स पुष्कळ वर्षें पुरते. एका कंपनीच्या लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहसा सरळ बसत नसल्यामुळें कॅमेरा निवडणें म्हणजे त्या घराण्याशीं सोयरीक जोडणें होय. म्हणून लेन्सच्या किंमती आधीं पाहाव्या.

ज्यांना केवळ उजेडांतील सहलींचे फोटो हवेत, त्यांनीं या भानगडींत पडूं नये. त्यांना हातांतला मोबाइल पुरे. एपीएस-सी जातीच्या लहान सेन्सरपेक्षां फुल-फ्रेमचें क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक असतें, व त्याचा लाभ समईच्या उजेडांत कळतो. पण लेन्ससह वजन दीड किलोच्या घरांत जातें, आणि लेन्सचें तोंड पूर्ण उघडें ठेवल्यास पुढच्या रांगेंतील आजोबा स्पष्ट व मागच्या रांगेंतील सुना अस्पष्ट येतात !

आम्हीं शेवटीं एक पिढी मागचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, आणि वांचलेल्या पैशांत पदराला लावण्याचा लहानसा माईक आणला. परवां दुपारीं वहिनींना खिडकीशीं बसविलें, पंखा बंद केला, स्वयंपाकघरांत निरोप धाडला. पुतण्यानें कानाला हेडफोन लावून मान डोलाविली, आणि वहिनींनीं पहिली ओवी म्हटली. पुन्हा लावून ऐकवलें, तेव्हां त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ह्यांचा आवाज असा घ्यायला हवा होता."

त्या दिवशीं चाळीस ओव्या झाल्या. उरलेल्या रोज थोड्या थोड्या घेत आहों. वाचकांच्या घरींही कोणी असें गाणारें, सांगणारें असेल, तर कॅमेरा ठरण्याची वाट पाहूं नये. मोबाइलवर का होईना, आधीं पंखा बंद करून आवाज घेऊन ठेवावा.