बिलामागचा हिशेब (भाग ७) : टीप नेमकी कोणाची?

गेल्या आठवड्यात आपण हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी उलगडून पाहिला. त्याच बिलावर काही ठिकाणी जीएसटीच्या वरच्या ओळीत आणखी एक रक्कम असते, सर्व्हिस चार्जची. शिवाय निघताना बडीशेपेच्या बशीत आपण जे ठेवतो, त्याची बिलावर नोंदच नसते. दोन्ही पैसे आपण वेटरच्या नावाने देतो. ते त्याच्या हातात पडतात का, आणि पडले तर पगार म्हणून की पगाराच्या वर, हे आज पाहू.

पगार आणि वाटणी

आधी पगार. आपल्याकडे हॉटेल कामगाराला सरकारने ठरवलेलं किमान वेतन देणं मालकाला बंधनकारक आहे. १९४८ चा किमान वेतन कायदा हेच सांगत होता आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिताही हेच सांगते. वेटरला टीप मिळते, तेव्हा पगार कमी दिला तरी चालेल, अशी सूट मालकाला कुठेही दिलेली नाही.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात खानावळी, ढाबे, गल्लीबोळातली हॉटेलं यांचा कारभार बराचसा तोंडी चालतो. गावाकडून आलेला मुलगा हॉटेलच्याच खोलीवर राहतो, तिथेच जेवतो, सकाळी शटर उघडल्यापासून रात्री खुर्च्या टेबलावर चढेपर्यंत राबतो. महिन्याचा पगार हातात पडतो तो उचल वजा करून. हजेरीपट नाही आणि पगाराची चिठ्ठी नाही अशा जागी किमान वेतनाचा दाखला मागणार कोण? तिथे रोजची टीप हाच त्याचा खर्चाचा पैसा असतो आणि गावी जाते ती पगाराची रक्कम.

टीपच्या वाटणीच्या रीती ठिकठिकाणी वेगळ्या. लहान हॉटेलात ज्याचं टेबल त्याची टीप. काही ठिकाणी गल्ल्याशेजारी डबा असतो, त्यात सगळ्यांची टीप जमते आणि रात्री वाटली जाते. मोठ्या हॉटेलांत पॉइंटची पद्धत चालते. समजा, दिवसाअखेर डब्यात १,८०० रुपये जमले. कॅप्टनचे तीन पॉइंट, दोन वेटरचे प्रत्येकी दोन, टेबल पुसणाऱ्या पोऱ्याचा एक आणि भांडी घासणाऱ्याचा एक, असे एकूण नऊ पॉइंट झाले. म्हणजे एका पॉइंटला २०० रुपये. कॅप्टनला ६००, वेटरला ४००, पोऱ्याला आणि भांडीवाल्याला २००-२०० मिळाले. ज्याने मिसळीची तर्री जमवली त्या आचाऱ्याला यात वाटा आहे की नाही, हे त्या त्या हॉटेलच्या रिवाजावर. आहे तिथे भटारखाना आणि बाहेरचा स्टाफ यांच्यात कुरबुर कमी, एवढं मात्र खरं.

जयपूरहून आलेलं उत्तर

टीप नेमकी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलचा तिथल्या कामगार संघटनेशी वाद झाला, त्याचा निकाल १९७६ साली लागला. टीपमधून कामगारांना कमाई होते, तेव्हा त्यांचे वेतन-भत्ते ठरवताना ती हिशेबात धरावी, असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ते मान्य केलं नाही. हा पैसा गिऱ्हाइकाने कामगाराला दिलेला आहे. तो व्यवस्थापनाच्या हातून गेला, तरी व्यवस्थापन नुसतं मध्यस्थ. दुसऱ्याने दिलेल्या पैशावर स्वतःचं देणं भागवता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

पुढे २०१६ साली हाच प्रश्न प्राप्तिकराच्या अंगाने आला. गिऱ्हाइक कार्डाने बिल भरताना टीपही कार्डावरच देतं. ती हॉटेलच्या खात्यात जमा होते आणि हॉटेल ती कर्मचाऱ्यांत वाटतं. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं असं की हा पगारच झाला, मग मालकाने त्यावर टीडीएस का कापला नाही? आयटीसीच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खात्याच्या विरोधात निकाल दिला. टीप नोकरीच्या करारातून येत नाही, गिऱ्हाइकाच्या मर्जीतून येते. हॉटेल ती फक्त विश्वस्ताच्या नात्याने सांभाळतं. म्हणून तो पगार नव्हे. मात्र कर्मचाऱ्याच्या हातात ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र राहते.

याला दुसरीही बाजू आहे. टीप पगार नाही म्हटल्यावर तिच्यावर भविष्य निर्वाह निधी नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. ज्या वेटरची निम्मी कमाई टीपची, त्याचं म्हातारपण उरलेल्या निम्म्यावरच बेतलेलं असतं. कितीही सढळ हाताने टीप दिली, तरी चांगल्या पगाराची जागा ती घेऊ शकत नाही.

अमेरिकेतला उलटा हिशेब

डॅलसला मुलीकडे गेलेल्या आईवडिलांना तिला जेवणाच्या बिलावर २० टक्के टीप ठेवताना पाहून हमखास धक्का बसतो. ‘एवढे कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर तिथल्या कायद्यात आहे.

अमेरिकेचा किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ चा. रेस्टॉरंटच्या कामगारांना तो खऱ्या अर्थाने लागू झाला १९६६ च्या दुरुस्तीनंतर, पण त्याच दुरुस्तीने मालकांना एक सवलत दिली. वेटरला मिळणारी टीप त्याच्या किमान वेतनात धरायची आणि तेवढा पगार कमी द्यायचा. आज केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे फक्त २.१३ डॉलर. मधले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकाच्या टीपमधून भागले असं धरायचं. नाही भागले तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा सांगतो. पण तो मागायला वेटरने मालकासमोर उभं राहायला हवं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून तसूभरही हललेला नाही. डॅलसच्या टेक्सास राज्यात आजही तोच चालतो. याउलट कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत ही सवलत नाही. तिथे पूर्ण पगार मालकाने द्यायचा आणि टीप त्याच्या वर.

या प्रथेची मुळं आणखी जुनी आहेत. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनगाड्यांत कृष्णवर्णीय सेवक नेमले. त्यांना तुटपुंजा पगार दिला आणि उरलेलं पोट प्रवाशांच्या टीपवर सोपवलं. टीपला तेव्हा अमेरिकेतच कडाडून विरोध झाला होता. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टीपवर कायद्याने बंदी घातली आणि इतर काही राज्यं तिच्या मागून गेली. पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळले गेले. अलीकडे न्यूयॉर्कचे नामांकित रेस्टॉरंटचालक डॅनी मेयर यांनी २०१५ पासून टीप बंद करून पदार्थांचे भाव वाढवले. २०२० मध्ये त्यांनाही टीप परत आणावी लागली. पगाराचं ओझं एकदा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर गेलं, की एकट्या मालकाला ते परत घेणंही जड जातं.

सर्व्हिस चार्जचं भांडण

आता आपल्या बिलावरच्या त्या ओळीकडे वळू. एक उदाहरण घ्या. दोन हजारांचं जेवण झालं. हॉटेलने १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, म्हणजे २०० रुपये. मग ५ टक्के जीएसटी लावला तो २,२०० वर, म्हणजे ११० रुपये. एकूण २,३१०. सर्व्हिस चार्ज नसता तर बिल २,१०० वर थांबलं असतं. वेटरसाठी म्हणून दिलेल्या दोनशेंवर दहा रुपये कर गेला. शिवाय ते दोनशे वेटरलाच मिळाले, याचा कुठलाही पुरावा तुमच्या हाती नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाखालीही वसूल करू नये, द्यायला नकार दिला म्हणून गिऱ्हाइकाला अडवू नये आणि ही रक्कम मिळवून त्यावर जीएसटी आकारू नये. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि सूचनांना स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी या सूचना योग्य ठरवल्या. सक्तीचा सर्व्हिस चार्ज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं म्हणत त्यांनी दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा भुर्दंड बसवला. संघटनांनी या निकालाविरुद्ध खंडपीठाकडे अपील केलं.

हॉटेलवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्या मते सर्व्हिस चार्जमुळे भटारखान्यापासून भांडीवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटा मिळतो, तर टीप ज्याचं तोंड गिऱ्हाइकाला दिसतं त्यालाच. मुद्दा खोटा नाही. पण वाटायचंच आहे तर ते पगारात घाला आणि पदार्थाचा भाव तेवढा वाढवा. मेन्यूकार्डावर २०० ची थाळी २२० ची लिहिली, तर गिऱ्हाइक वाचून ठरवेल. फ्रान्समध्ये मेन्यूवरच्या किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असतो आणि त्यावरून तिथे कोणी भांडत नाही.

क्यूआर कोडच्या काळात

आता नवी अडचण आली आहे. खिशात नोटाच नसतात. बिल यूपीआयने भरलं जातं आणि टीप त्यातच मिळवली, तर ती थेट मालकाच्या खात्यात जाते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने गिऱ्हाइकाने दिलेली संपूर्ण टीप, एक पैसाही न कापता, कामगारांत वाटणं मालकांवर बंधनकारक आहे आणि वाटणीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. आपल्याकडे न्यायालयांनी टीप कामगाराची म्हटलं आहे, पण ती कधी, कशी, किती वाटायची हे सांगणारा असा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायला हवा.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. टीप द्यायची असेल तर रोख, वेटरच्या हातात द्या. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर गल्ल्यावर सरळ विचारा, हा पैसा स्टाफमध्ये कसा वाटता? समाधान झालं नाही तर तो काढून बिल नव्याने द्यायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि भांडण करायचंच तर ते गल्ल्यावरच्या शेठशी करा, बिल घेऊन आलेल्या मुलाशी नको. सर्व्हिस चार्ज त्याने ठरवलेला नसतो.

(पुढील भाग : घरपोच जेवणाच्या बिलावरची ‘प्लॅटफॉर्म फी’)