छेद लहान, जबाबदारी मोठी

हृदयाची शस्त्रक्रिया म्हटले की मागील पिढीच्या डोळ्यांसमोर उघडलेली छाती, पंधरवड्याचा रुग्णालयवास आणि महिनोन्महिने बंद राहिलेली पेढी असे चित्र उभे राहत असे. आज ते चित्र पुष्कळ बदलले आहे. मनगटातील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली जाते, अडथळा दूर होतो आणि गुंतागुंत नसेल तर रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी परततो. वैद्यकशास्त्राची ही देणगी मोठी आहे. परंतु या सुलभतेतूनच एक भ्रम निर्माण झाला आहे. छेद दिसत नाही, म्हणून आजारही संपला असे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना वाटू लागते. वास्तविक मनगटावरचा छेद भरून येतो, तेव्हा उपचाराचा दुसरा आणि अधिक नाजूक भाग सुरू होतो. ज्या घरांत चौविहार, आयंबिल, अठ्ठाई, दशलक्षण पर्वातील उपवास हे जीवनाचे अंग आहे, त्या घरांत तर हा भाग विशेष विचारपूर्वक पार पाडावा लागतो.

रक्तवाहिनीतून जाणारी वाट

या उपचारपद्धतीचा आरंभ एका धाडसातून झाला. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि त्याच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. त्यावेळी त्याची उपेक्षा झाली. १९५६ मध्ये मात्र नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांत त्याचा समावेश होता.

पुढचे पाऊल पडले ते हृदयात नव्हे, पायात. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायाला गँगरीन झाले होते आणि पाय कापून घेण्यास तिने ठाम नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीतील अरुंद झालेली रक्तवाहिनी नळीच्या साहाय्याने आतूनच रुंद केली. ती वृद्धा पुढे अखेरपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत राहिली.

हीच कल्पना आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयापर्यंत नेली. घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर त्यांनी नळीच्या टोकाला बसणारे चिमुकले फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे ३८ वर्षांच्या रुग्णावर, तो जागा असताना, हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. फुग्याने रुंद केलेली वाहिनी पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांतच पुन्हा आकसत असे. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, प्रथम बसवण्यात आला. पुढे औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि आकसण्याचे प्रमाण आणखी घटले. २००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, केवळ नळीच्या वाटेने, हृदयाची महाधमनीची झडप बसवून दाखवली. ही पद्धत आज ‘टावी’ या नावाने ओळखली जाते.

स्टेंट कोणाला, केव्हा

शाकाहारी, निर्व्यसनी घराला हृदयविकार शिवणार नाही, ही समजूत समाजात खोलवर रुजली आहे. मांस आणि मद्य यांचा त्याग लाभदायक आहेच. पण दिवसभर गादीवरची बैठक, तळलेले फरसाण, मिठाई, मधुमेह, रक्तदाब आणि उधारी-वसुलीची चिंता यांचा भार हृदयाला वेगळा सोसावा लागतो. तंबाखूची पुडी खिशात असेल तर शाकाहाराचे संरक्षण फारसे उरत नाही. भारतीयांमध्ये हा विकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत लवकरच्या वयात दिसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

येथे दोन प्रसंगांत भेद करावा लागतो. पहिला प्रसंग हृदयविकाराच्या तीव्र झटक्याचा. वाहिनी पूर्ण बंद झाली असता तातडीची अँजिओप्लास्टी प्राण वाचवते आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे असताना ‘पित्त झाले असेल, गिऱ्हाईक आटोपून जाऊ’ असा विचार करणे प्राणावर बेतू शकते. तालुक्याच्या गावी अँजिओप्लास्टीची सोय नसेल आणि मोठ्या शहरात दोन तासांच्या आत पोहोचून उपचार सुरू होणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात इसीजी काढून, डॉक्टरांच्या निर्णयाने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेणे आणि मग पुढे जाणे हा मान्य मार्ग आहे.

दुसरा प्रसंग स्थिर आजाराचा. जिना चढताना छातीत भरून येते, विश्रांतीने थांबते. अँजिओग्राफीत ७० टक्के अडथळा दिसतो आणि घर हादरते. या अवस्थेत धावपळ करण्याचे कारण बहुधा नसते. २००७ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले की, स्थिर आजारात उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने आयुष्य वाढतेच असे नाही. छातीतील वेदना मात्र अधिक कमी होते. हृदयाच्या डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असणारे किंवा हृदयाची शक्ती फार क्षीण झालेले रुग्ण यांना हा निष्कर्ष तसाच लागू होत नाही. तसेच मधुमेहासह अनेक वाहिन्यांत अडथळे असतील, तर स्टेंटपेक्षा बायपास अधिक हितकारक ठरते, हे २०१२ च्या एका अभ्यासात स्पष्ट झाले. छेद लहान असणे हा उपचार निवडण्याचा एकमेव निकष नव्हे.

लाखोंचा सौदा दोन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय न करणाऱ्या व्यापाऱ्याने, प्रकृती स्थिर असताना, अँजिओग्राफीची चित्रफीत घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचे मत विचारण्यात संकोच बाळगू नये. खर्चाच्या बाबतीतही जागरूकता हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य नियंत्रण यंत्रणेने स्टेंटच्या कमाल किमती बांधून दिल्या. त्यावेळी, कर वगळून, साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटसाठी २९,६०० रुपये ही मर्यादा होती. पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. बिलात स्टेंटची किंमत, नाव आणि उत्पादक यांची स्वतंत्र नोंद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गोळी आणि पच्चक्खाण

स्टेंट हा रक्ताच्या दृष्टीने परका धातू. त्यावर आतून नैसर्गिक अस्तर तयार होईपर्यंत रक्ताची गुठळी होण्याचा धोका राहतो. तो टाळण्यासाठी ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांसारखी गोळी दिली जाते. सामान्यतः स्थिर आजारात सहा महिने आणि झटक्यानंतर वर्षभर ही जोडी चालते. नेमकी मुदत डॉक्टर ठरवतात. मध्येच गोळ्या थांबवल्याने स्टेंट अचानक बंद पडला, तर बहुधा मोठा झटका येतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

व्रत आणि औषध यांचा प्रश्न येथेच उभा राहतो. श्रावण-भाद्रपदात घराघरांत तपश्चर्येची लाट येते. सून अठ्ठाई करते, नातवंडे एकासन करतात. अशा वेळी तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेल्या आजोबांना मागे राहणे जड जाते. ‘आठच दिवसांचा प्रश्न आहे’ असे म्हणून गोळ्या बाजूला ठेवल्या जातात. हे आठ दिवस फार महाग पडू शकतात. गोळ्या चालू ठेवून निराहार राहणेही निर्धोक नाही. रिकाम्या पोटी ॲस्पिरिनने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाच्या औषधांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पाणी कमी पडल्यास मूत्रपिंडावर ताण येतो.

धर्माने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितले आहेत आणि देहाची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत अंतर्भूत आहे. दिगंबर परंपरेतील सोळा कारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे. म्हणजे तप करायचे ते शक्तीला अनुसरून. म्हणून असा रुग्ण घरात असेल तर पर्वापूर्वीच गुरुमहाराजांना सर्व वृत्तांत निवेदन करून त्यांची आज्ञा घ्यावी. उणोदरी, रसत्याग, स्वाध्याय, मौन, सामायिक हेही तपाचेच प्रकार आहेत आणि त्यांत गोळी चुकत नाही.

चौविहाराचा विषय तुलनेने सोपा आहे. पण तोही डॉक्टरांशी आधी बोलून ठरवला पाहिजे. क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदाच घ्यायची असते. ती सकाळी नवकारसीनंतर ठेवता येते. टिकाग्रेलॉर मात्र बारा तासांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते. हिवाळ्यात नवकारसी आणि सूर्यास्त यांच्यात जेमतेम दहा तास उरतात, हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यावी असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या गोळ्या दिवसा कोणत्याही ठराविक वेळी चालतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. तीच औषधे पुष्कळदा साध्या गोळीच्या रूपात मिळू शकतात. मागितले तरच हे बदल होतात.

झडप, हेपॅरिन आणि अहिंसा

स्टेंट धातूचा असतो. टावीच्या झडपेची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पाकळ्या गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून बनवलेल्या असतात. संपूर्ण कृत्रिम झडपही मिळते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जात आहे. मात्र अशा झडपेसाठी छाती उघडावी लागते आणि पुढे आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते. ऐंशी वर्षांच्या थकलेल्या देहाला ती शस्त्रक्रिया झेपेलच असे नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळी दिले जाणारे हेपॅरिनही डुकराच्या आतड्यापासून काढलेले असते. बायव्हॅलिरुडिन हा कृत्रिम पर्याय आहे. परंतु तो महाग असून सर्वत्र उपलब्ध नसतो.

प्राणरक्षणासाठी यांतील काय स्वीकारावे, हा निर्णय त्या त्या रुग्णाच्या श्रद्धेचा आणि विवेकाचा आहे. आवश्यक ते एवढेच की, तो निर्णय माहिती घेऊन व्हावा आणि वेळेत व्हावा. झटका आल्यानंतर शस्त्रक्रियागाराच्या दारात ही चर्चा करणे म्हणजे मोलाची मिनिटे गमावणे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत ते सावध आणि स्वस्थ असतानाच विचारून ठेवलेले बरे.

कृत्रिम झडपेसाठी वॉरफेरिन किंवा तत्सम औषध घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाचा प्रभाव कमी करते आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवलेली असते ती नेहमीच्या आहारावर. चातुर्मासात पालेभाज्या एकदम बंद केल्या की तीच मात्रा जास्त ठरू शकते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. भाज्यांचा त्याग अवश्य करावा. पण त्या आठवड्यातच आयएनआर तपासणी करून मात्रा पुन्हा ठरवून घ्यावी.

पायांचे दुखणे

दिवसभर काउंटरमागे उभे राहणाऱ्यांच्या पायांवर निळ्या, पिळवटलेल्या शिरा दिसू लागतात. पूर्वी त्यांसाठी शीर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करीत. आता लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने सदोष शीर आतूनच बंद केली जाते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. याउलट, चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबताच बरे वाटणे, हे पायाच्या शुद्ध रक्तवाहिनीतील अडथळ्याचे लक्षण असू शकते. ज्याच्या पायांत असा अडथळा आहे, त्याच्या हृदयाच्या वाहिन्याही तपासून घ्याव्यात, कारण विकार बहुधा एकाच जागी थांबत नाही.

चातुर्मासापूर्वीचा कागद

व्यापारी घरात दिवाळीला वह्या बदलतात, येणे-देणे तपासले जाते. तसाच एक कागद चातुर्मास सुरू होण्यापूर्वी प्रत्येक हृदयरुग्णासाठी लिहावा. स्टेंट किंवा झडप कधी बसवली, कोणत्या गोळ्या कोणत्या वेळी चालू आहेत, त्यांपैकी कोणती कोणत्याही कारणाने चुकवायची नाही, कोणते तप डॉक्टरांनी व गुरुमहाराजांनी संमत केले आहे आणि आणीबाणीत कोणत्या रुग्णालयात जायचे, या गोष्टी त्यात असाव्यात. त्याची एक प्रत घरी आणि एक रुग्णाच्या खिशात ठेवावी. दंतवैद्याने किंवा अन्य कोणी ‘दाढ काढायची आहे, रक्ताच्या गोळ्या थांबवा’ असे सांगितले, तर हा कागद दाखवून हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज एकही गोळी बंद करू नये.