शब्द वजा केलेले गाणे : जमैकाचे ‘डब’ संगीत

लग्नाच्या वरातीत बँडवाला क्लॅरिनेटवर एखाद्या चित्रपटगीताची चाल वाजवू लागला म्हणजे एक गमतीची गोष्ट घडते. वाद्यातून निघतात ते केवळ सूर. शब्द एकही नसतो. तथापि वरातीपुढे नाचणारी पोरे ते शब्द आपल्या तोंडाने पुरे करतात आणि एखाद्याचा शब्द चुकला तर शेजारचा तो दुरुस्तही करतो. यवतमाळ जिल्ह्यातील नेरच्या बाजाररस्त्यावर हे जितके खरे, तितकेच ते सातासमुद्रापलीकडील जमैका बेटावरही खरे ठरले. फरक इतकाच की, नेरला ही गंमत वरातीबरोबर संपते. जमैकात तिच्यातून संगीताचा एक स्वतंत्र प्रकार जन्मास आला. त्या प्रकारास ‘डब’ असे म्हणतात. चित्रपटाच्या ‘डबिंग’मुळे परिचित झालेला हा शब्द तिकडे ध्वनिमुद्रणाची प्रत काढण्याच्या अर्थी वापरात होता, आणि तेच नाव पुढे या संगीतास चिकटले.

डब हे ‘रेगे’ संगीताचे अपत्य. हे नाव मराठी घरांत आडनाव म्हणून माहीत आहे, परंतु त्या आडनावाचा व या संगीताचा काडीचाही संबंध नाही. जमैका १९६२ साली ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीस रेगे रूढ झाले. त्याचा ठेका समजून घेण्यासारखा आहे. आवर्तन चार मात्रांचे. पण पहिल्या मात्रेवर, म्हणजे जेथे आपण समेची जोरकस थाप अपेक्षितो तेथे, मोठा ढोल पुष्कळदा गप्प राहतो आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. आपल्याकडील रूपक तालात सम खालीवर येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रिकाम्या जागेची खुमारी निराळी सांगावयास नको. या ठेक्यावर गिटारचे तुटक आघात मात्रांच्या अधेमधे पडतात आणि सर्वांखालून खर्जातील ‘बेस’ गिटार चालत राहते. पुष्कळदा मुख्य चाल गाणाऱ्याच्या गळ्यापेक्षा या खर्जातच असते.

किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांतून वाद्यवृंद बोलावणे परवडत नसे. म्हणून १९५०नंतरच्या काळात तेथे ‘साउंड सिस्टिम’ची प्रथा पडली. एक तबकडी वाजविण्याचे यंत्र, घरी जुळविलेला ध्वनिवर्धक आणि कपाटाएवढाले कर्णे घेऊन उघड्या अंगणात नाच भरवावयाचा. ज्याच्याकडे इतरांपाशी नसलेली तबकडी असेल त्याच्याकडे गर्दी. या चढाओढीतूनच पुढची हकीकत घडली. रडी रेडवुड नावाचा असाच एक नाच भरविणारा १९६७च्या सुमारास ट्रेझर आइल या ध्वनिमुद्रणगृहातून पॅरागॉन्स या गायकमंडळींच्या एका लोकप्रिय गाण्याची नमुना-तबकडी कापून घेत होता. तिच्यावर गायन उतरलेच नाही. साथीची वाद्ये तेवढी उतरली. रेडवुडने ती तशीच अंगणात वाजविली आणि नाचणाऱ्या सर्व मंडळींनी ते गाणे स्वतःच म्हटले, असे सांगतात. लवकरच जमैकातील तबकड्यांच्या मागील बाजूस त्याच गाण्याचे गायनविरहित रूप देण्याची वहिवाट पडली. यात काटकसरही होती, हे विसरता कामा नये. दुसरे गाणे मुद्रित करण्याचा खर्च वाचे.

या काटकसरीची कला ज्याने केली तो ऑस्बर्न रडॉक, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘किंग टबी’. जन्म १९४१. हा गायक नव्हे, वादकही नव्हे. रेडिओ दुरुस्त करणारा, विद्युत्-यंत्रांची तारगुंडी गुंडाळणारा कारागीर. वॉटरहाउस नावाच्या वस्तीत राहत्या घरातच त्याने आपली ध्वनिशाळा मांडली होती. ती इतकी लहान की, वाद्यवृंद तेथे मावत नसे. इतरत्र मुद्रित झालेली फीत तेथे यावयाची. फितीवर चार वेगळ्या पट्ट्या असत. साधारणतः एकीवर ढोल, दुसरीवर बेस, तिसरीवर गिटार-पियानो, चौथीवर गायन. प्रत्येक पट्टीचा आवाज कमीजास्त करण्याची खुंटी निराळी. टबी ती फीत चालू करी आणि ती चालू असतानाच खुंट्या सरकवी. गायन दोन शब्द ऐकू येई आणि नाहीसे होई. गिटार मध्येच डोकावे. मग सर्वच वाद्ये बंद होऊन केवळ ढोल आणि खर्ज उरे. हे सर्व एका दमात, हातासरशी करावयाचे. म्हणून एकाच गाण्याची त्याने दहा रूपे केली तरी कोणतेही रूप दुसऱ्यासारखे होत नसे. एकच बंदिश रोज निराळी मांडणारा गवई आपल्यास अपरिचित नाही.

त्याची दुसरी सामग्री म्हणजे प्रतिध्वनी. घुमटात आवाज दिला तर तो भिंतीवर आपटून परत येतो. टबीने तोच परिणाम फितीवरून साधला. फीत एका मुद्रणशीर्षावरून जाताना ध्वनी टिपला जातो आणि थोडे पुढे असलेल्या वाचनशीर्षावर तोच पुन्हा ऐकू येतो. फीत सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालली आणि दोन शीर्षांत दोन इंचांचे अंतर असले, तर प्रतिध्वनी सुमारे पाव सेकंद मागाहून येणार, हे त्रैराशिक शाळेतील मुलासही मांडता येईल. तो परत आलेला ध्वनी पुन्हा मुद्रणशीर्षाकडे धाडला की एकाचे चार, चाराचे आठ होत तो विरत जातो. याखेरीज खालचे स्वर अडवून वरचेच तेवढे जाऊ देणारी एक गाळणी त्याच्यापाशी होती, आणि पोलादी स्प्रिंगांतून आवाज घुमविणारी एक पेटी होती. या पेटीला तो मुद्दाम धक्का देई, तेव्हा कर्ण्यातून मेघगर्जनेसारखा कडकडाट निघे. यंत्रास असे वागविणे हे पाठ्यपुस्तकात बसणारे नव्हे. पण यंत्रांची दुरुस्ती हाच त्याचा व्यवसाय होता, तेव्हा त्यांची भीती त्याला कशी वाटावी?

टबीच्या हातून पार पडलेल्या कामांत जी ध्वनिमुद्रिका सर्वांत नावाजली, ती १९७६ सालची ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’. ती ऑगस्टस पाब्लो याने काढली. हे नाव मुळात त्याचे नव्हेच. खरे नाव होरेस स्वाबी. तबकड्यांचा व्यापारी हर्मन चिन-लॉय याने दुसऱ्याच वादकाच्या तबकड्यांसाठी योजलेले टोपणनाव या तरुणाला देऊन टाकले. त्याचे वाद्य ‘मेलोडिका’. हे शाळकरी मुलांचे वाद्य. तोंडाने फुंकावयाचे आणि बोटांनी पट्ट्या दाबावयाच्या. आत हवेने कंप पावणाऱ्या पितळी जिभा असतात, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीची ही धाकटी चुलत बहीणच. पेटीलाही एके काळी हलकेच लेखले गेले. मीड नाही, श्रुती नाहीत, वाद्य परदेशी, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले होते. त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी शब्दांवाचून मैफली रंगविल्या, हे महाराष्ट्रास माहीत आहे. पाब्लोने मेलोडिकावर काही अवघड केले नाही. दोनचार करुण स्वरांच्या साध्या ओळी, ओळींच्या मध्ये लांब विश्रांती, एवढेच. त्या विश्रांतीत टबीचा प्रतिध्वनी नांदतो. १९७२ सालच्या ‘जावा’ या तबकडीने पाब्लोचे हे वळण लोकांस प्रथम आवडले, आणि पुढे ‘ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल’ या ध्वनिमुद्रिकेत ते अधिकच शांत झाले.

आता एक अवघड बाब. १९७६च्या ध्वनिमुद्रिकेस जिने नाव दिले ती रचना मुळात जेकब मिलर या गायकाचे प्रेमगीत होती. साथीला अॅस्टन व कार्लटन बॅरेट हे बंधू, म्हणजे बॉब मार्लीच्या वाद्यवृंदाचे बेसवादक व ढोलवादक. टबीने मिलरचे गायन बहुतांशी पुसून टाकले; कोठे कोठे त्याच्या स्वराची एक लकेर येते आणि प्रतिध्वनीत बुडते. झाले असे की, पाठीमागची ही बाजू दर्शनी बाजूहून अधिक गाजली. गाणे ज्याने म्हटले त्याचे नाव आज अनेकांस ठाऊक नाही. ज्याने ते पुसले त्याचे आहे. मिलर १९८० साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मोटार-अपघातात गेला. साथीच्या वादकांनाही बहुधा एका गाण्याचा एकदाच मोबदला मिळे, आणि त्यांच्या त्याच साथीवर पुढे कितीही तबकड्या निघत. मग हे काम कोणाचे म्हणावयाचे? वाजविणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, की खुंट्या फिरविणाऱ्याचे?

खुंट्या फिरविणे ही कारागिरी होय, कला नव्हे, असे म्हणणारे आहेत. परंतु दोन्ही बाजू शेजारी ठेवून ऐकल्यावर तो आक्षेप टिकत नाही. मूळ गाणे गोड आहे, पण तशी गोड गाणी पुष्कळ आहेत. डबमध्ये तेच गाणे एखाद्या ओसाड वाड्यातून ऐकू आल्यासारखे वाटते. गेलेल्या माणसाचा आवाज भिंतींनी धरून ठेवावा तसे. ही करुणा मूळ मुद्रणात नव्हती, ती टबीच्या हाताने आणली. तेव्हा त्याचा कलावंतपणा नाकारता येत नाही. मात्र मिलर आणि बॅरेट बंधूंवाचून त्याच्यापाशी पुसावयास काहीच नसते, हेही तितकेच खरे. त्यांची नावे तबकडीवर टबीच्या बरोबरीने ठळक यावयास हवी होती.

टबीचा शेवट वाईट झाला. १९८९च्या फेब्रुवारीत त्याच्या घराबाहेरच कोणी त्याला गोळी घातली. गुन्ह्याचा उलगडा झाला नाही. पाब्लो १९९९ साली निवर्तला. त्यांची रीत मात्र जगभर पसरली. गाणे उलगडून त्याची निरनिराळी रूपे करण्याचा जो ‘रीमिक्स’ आज घरोघर ऐकू येतो, त्याचे एक मूळ वॉटरहाउसमधील त्या खोलीत आहे. युनेस्कोने २०१८ साली रेगेस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. आपल्या शेजारी गोव्यात २०१६ साली याच संगीताचा ‘गोवा सनस्प्लॅश’ हा उत्सव सुरू झाला.

ज्यांना ऐकून पाहावयाचे असेल त्यांनी मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यावर ते ऐकू नये; त्यातून खर्ज निघतच नाही आणि उरते ती नुसती खडखड. उलट मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांसारखा आवाजही नको, कारण तेथे रिकाम्या जागा बुजून जातात. चांगला स्पीकर किंवा कानावरचे हेडफोन असावेत. प्रथम जेकब मिलरचे ‘बेबी आय लव्ह यू सो’ हे मूळ गाणे दोनदा लक्षपूर्वक ऐकावे, म्हणजे चाल ध्यानात बसेल. आणि मग लगेच त्याचे डब लावावे.