वर्तमानपत्रकार उमेदवार आणि शेतकऱ्याचे मत

नागपुरात धंतोली या वस्तीत टिळक पत्रकार भवन नावाची इमारत आहे. निवडणुकीचे दिवस आले की तिच्या दारासमोर मोटारींची रांग लागते. उमेदवार आत जातात, पत्रकारांपुढे आपला कार्यक्रम वाचून दाखवितात आणि बाहेर पडतात. सन २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, त्या मोसमात प्रस्तुत लेखक सायंकाळच्या फेरफटक्यास जाताना ही गर्दी पाहत असे. कालपर्यंत टेबलाच्या अलीकडे बसून प्रश्न विचारणारा पत्रकार आज टेबलापलीकडे उमेदवार म्हणून बसलेला दिसावा, हेही आता नवल राहिलेले नाही. असे गृहस्थ बहुधा शहरात नाव मिळवितात आणि मते मागावयास मात्र आपल्या खेड्यांकडे येतात. म्हणून त्यांना कोणत्या कसोटीवर घासून पाहावे, याचा विचार आपल्या मासिकाच्या वाचकांनी निवडणूक नसतानाच, शांत चित्ताने करून ठेवावा हे बरे.

कसोटी शोधण्यास दूर जावयास नको. ज्यांचे नाव त्या इमारतीस दिले आहे, त्यांचेच उदाहरण पुरेसे आहे. लोकमान्य टिळक हे मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात सभासद होते, ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते. आणि त्यांना तेथे पाठविणारे मतदार शहरचे नव्हते, हे तर त्याहूनही थोड्यांस ठाऊक असते.

सन १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांतील सभासदांची संख्या वाढविण्यात आली व काही जागांसाठी म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे, विश्वविद्यालय अशा संस्थांनी नावे सुचवावीत आणि गव्हर्नरांनी ती मान्य करावीत, अशी व्यवस्था झाली. निवडणूक हा शब्द सरकारने त्या कायद्यात येऊ दिला नाही. पण व्यवहारात ती निवडणूकच होती. मध्य विभागातील, म्हणजे खानदेश, नाशिक, नगर, पुणे, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांतील लोकल बोर्डांच्या जागेवर सन १८९५ मध्ये टिळक निवडून आले व १८९७ मध्ये पुन्हा आले. या बोर्डांचे अध्यक्षपद कलेक्टराकडे असे, आणि सभासदांत गावोगावचे जमीनदार व वतनदार असत. अशा मंडळींनी सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या एका संपादकास मत दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. टिळकांनी संपादकत्व सोडलेही नव्हते. ‘केसरी’ चालूच होता.

कौन्सिलात त्यांच्या हाती काय होते? फार थोडे. अंदाजपत्रकावर भाषण करता येई, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तर अपुरे मिळाल्यास उपप्रश्न विचारण्याची मुभा नसे. केवळ त्या खुर्चीच्या बळावर शेतकऱ्याचे कल्याण व्हावयाचे असते, तर टिळकांच्या हातून काहीच झाले नसते. परंतु त्यांच्या निवडणुकीस जेमतेम वर्ष लोटले तोच १८९६ चा पाऊस फसला आणि दक्षिणेत दुष्काळ पडला. त्या दुष्काळात त्यांनी जे केले, तेच आपल्या आजच्या विषयाचे मर्म होय.

सन १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळाचे नियम केले होते. पीक बुडाल्यास सारा तहकूब अथवा माफ करणे, काम मागणाऱ्यास काम देणे व दुर्बलांस अन्न पुरविणे, हे सर्व त्या नियमांत लिहिलेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि कचेरीच्या कपाटात होते. ‘केसरी’ने ते मराठीत आणून लोकांपुढे ठेवले. सार्वजनिक सभेचे लोक खेडोपाडी गेले, सभा भरविल्या व नियम वाचून दाखविले. शेतकऱ्यांनी साऱ्यासाठी गुरे व जमीन विकू नये, पीक बुडाले असेल तर तसे निर्भयपणे सांगावे, असा टिळकांचा उपदेश होता. त्याचबरोबर, भुकेने बाजार लुटण्यापेक्षा कलेक्टराकडे जाऊन काम मागावे, ते देणे हे त्याचे कर्तव्य आहे, असेही त्यांनी बजावले. म्हणजे बंड करा असे ते म्हणत नव्हते. सरकारने स्वतः लिहिलेला शब्द सरकारनेच पाळावा, एवढेच ते म्हणत होते. सरकारला मात्र बंडापेक्षा हेच अधिक बोचले. मार्च १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली. त्याच वर्षी २७ जुलै रोजी ‘केसरी’तील निरनिराळ्या लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली व १४ सप्टेंबरास अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली.

या हकीकतीतून जो धडा मिळतो तो असा. वर्तमानपत्रकाराचे खरे भांडवल म्हणजे त्याचे वक्तृत्व नव्हे, त्याच्या ओळखीही नव्हेत. कपाटातला नियम काढून, तो सोप्या मराठीत सांगून, ज्याच्या उपयोगाचा आहे त्याच्या हाती वेळेवर देणे, हे ते भांडवल. ‘वेळेवर’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या चाकरीत घडले आहे.

मी महसूल खात्यात कारकून होतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्या तालुक्यात होतो, तेथे एका वर्षी पावसाने भाद्रपदात पाठ फिरविली. एका गावची पैसेवारी पन्नासच्या थोडी वर लागली. शेजारच्या गावची पन्नासच्या खाली आली. दोन्ही गावांत नाला आडवा, एवढेच अंतर. कपाशी दोन्हीकडे सारखीच करपलेली. मुदत संपल्यानंतर आठ दिवसांनी पहिल्या गावचे एक वयस्क शेतकरी माझ्या टेबलापाशी आले. “साहेब, आमचं गाव कसं काय सुटलं?” त्यांनी विचारले. मी रजिस्टर उघडून पाहिले व सांगितले, “काका, हरकत घेण्याची मुदत गेली. नोटीस लावली होती.” ते म्हणाले, “कुठं लावली होती, बाप्पा?” मला उत्तर देता आले नाही. नोटीस लावल्याचा शेरा माझ्याच हातचा होता. ती वाऱ्याने गेली, की चावडीच्या आतल्या भिंतीवर लागली, हे मी कधी विचारले नव्हते. कागद पुरा झाला होता, म्हणून माझे काम पुरे झाले होते. पुढे फाल्गुनात ते काका मला बाजारात भेटले. सोसायटीच्या कर्जाच्या वसुलीपायी त्यांनी बैलजोडी विकली होती. ते मला काही बोलले नाहीत. उलट चहा पाजला. तो चहा मी अद्याप विसरलो नाही.

ज्या आठवड्यात ती नोटीस निघाली, त्या आठवड्याची वर्तमानपत्रे मी नंतर चाळून पाहिली. पाहुण्यांचे दौरे, सत्कार, उद्घाटने, सर्व होते. हरकतीच्या मुदतीची एक ओळ नव्हती. दोष माझा होताच. पण ती एक ओळ एखाद्या बातमीदाराने छापली असती, तर कदाचित ते बैल दावणीला राहिले असते.

तरुण वाचकांसाठी येथे थोडा खुलासा करतो. पूर्वी पिकाची प्रत आण्यांत मोजीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. सन १९१८ चा गुजरातेतील खेड्याचा सत्याग्रह याच मोजणीवरून झाला. पीक चार आणे अथवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा असा नियम होता, आणि पीक चार आण्यांच्या आत की बाहेर यावरच सरकार व रयत यांचा वाद होता. आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. वाद तोच राहिला. गावात निवडलेल्या शेतांतील दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा तुकड्यांचे पीक कापून, मळून, तोलून उत्पन्न काढतात व ते प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात. गावच्या समितीत सरकारी माणसांबरोबर सरपंच व शेतकरीही असतात. आधी नजर पैसेवारी जाहीर होते, तिच्यावर ठराविक मुदतीत हरकती घेता येतात, व आपल्या विदर्भात अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. पन्नास पैशांखालील गावांस साऱ्यात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा फीची माफी अशा सवलती शासन देत आले आहे. सन २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरविताना पावसाची तूट, जमिनीतील ओल, पिकांची हिरवाई असे नवे निकषही आले. म्हणजे नियमांचे कपाट पूर्वीहून मोठे झाले आहे आणि किल्ली हाती देणाऱ्या माणसाची गरजही तितकीच वाढली आहे.

आता उमेदवाराकडे वळू. आपल्या प्रांतात वर्तमानपत्र व कायदेमंडळ या दोहोंचा शेतकऱ्यासाठी उपयोग करणारा पुरुष होऊन गेला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी ‘महाराष्ट्र केसरी’ हे साप्ताहिक चालविले, सन १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात जाऊन मंत्री झाले, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी झालेल्या १९३३ च्या कर्ज लवाद कायद्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. लेखणीने दुःख मांडावे आणि खुर्चीवर बसल्यावर त्याच दुःखावर कलम लिहावे, असा हा क्रम आहे.

परंतु प्रत्येक पत्रकाराकडून तो साधेलच असे नाही. वर्तमानपत्राच्या धंद्यात आजचा विषय उद्या शिळा होतो. महसुलाचे प्रकरण मात्र वर्षानुवर्षे चालते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते व त्याच्यामागे चिकाटीने उभा राहणारा माणूस लागतो. ज्याला रोज नवा मथळा हवा असतो, त्याच्या अंगी ही चिकाटी असेलच असे नाही. शिवाय दुसऱ्यास प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या माणसास स्वतः उत्तर देण्याची सवय नसते. हे दोन दोष त्याच्यात आहेत की नाहीत, हे आपणच पाहिले पाहिजे.

म्हणून असा उमेदवार आपल्या ओसरीवर आला, तर त्यास पाणी द्यावे, बसवून घ्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली: तुम्ही वर्तमानपत्रात होतात, तेव्हा आमच्या तालुक्याच्या पैसेवारीविषयी, पाटपाण्याविषयी, सोसायटीविषयी काय छापलेत? कात्रण दाखवा. दुसरी: जो नियम आमच्या उपयोगाचा आहे व जो आम्हांस ठाऊक नाही, असा एक तरी आज आम्हांस समजावून सांगा. तिसरी: हिवाळी अधिवेशन आमच्या नागपुरास बहुधा डिसेंबरातच भरते आणि अंतिम पैसेवारीही त्याच महिन्यात निघते, तेव्हा सभागृहात कोणता प्रश्न, कोणत्या गावांचे आकडे घेऊन विचाराल? टिळकांना उपप्रश्नाची मुभा नव्हती. आजच्या आमदारास तारांकित प्रश्न आहे, उपप्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे. साधन नाही अशी सबब आता चालणार नाही.

या तिन्हींचे उत्तर नीट आले, तर त्याची जात, त्याचा पक्ष व त्याच्या मोटारीची लांबी पाहण्याचे कारण नाही. उत्तर आले नाही, तर त्याची लेखणी कितीही गाजलेली असो, त्यास सन्मानाने निरोप द्यावा.

आणि एक गोष्ट आपल्याही वाट्याची आहे. दर दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक वाचकाने चावडीवर स्वतः जाऊन आपल्या गावची नजर पैसेवारी किती लागली व हरकतीची मुदत केव्हापर्यंत आहे, हे वहीत टिपून घ्यावे आणि ज्यास वाचता येत नाही अशा शेजाऱ्यास सांगावे. हे काम करावयास आमदार होण्याची आवश्यकता नाही. मी ते माझ्या हयात चाकरीत केले नाही. आता निवृत्त झाल्यावर, माझ्या मूळ गावी, दर वर्षी करीत असतो.