साठवणीतील वार्धक्य आणि कार्बन-संमिश्रांचे पक्वन

नाशिकजवळील ओझर येथे ऑक्टोबर २०२५ मध्ये 'तेजस' विमानांच्या उत्पादनाची तिसरी शाखा सुरू झाली. ह्या विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा संमिश्र द्रव्यांचा, मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्रांचा आहे. अशा भागांसाठी वापरावयाचा कच्चा माल म्हणजे इपॉक्सी राळ व तिला कठीण करणारा दृढक ह्यांच्या मिश्रणात भिजविलेले तंतूंचे थर होत. त्यांना 'प्रीप्रेग' म्हणतात. हा माल वापरापूर्वीच वृद्ध होऊ लागतो.

राळ आणि अमाइनवर्गीय दृढक आधीच मिसळलेले असल्यामुळे त्यांची अभिक्रिया कधीच पूर्णपणे थांबत नाही. उणे १८ अंश सेल्सिअसला ती अतिशय मंदावते, इतकेच. म्हणून शीतपेटीत हा माल सहा महिने ते एक वर्ष टिकतो. खोलीच्या तापमानाला मात्र बहुधा १० ते ३० दिवसच. सक्रियण ऊर्जा मोलमागे ६५ किलोज्यूल धरल्यास २५ अंशांवरील अभिक्रियेचा वेग उणे १८ अंशांवरील वेगाच्या सुमारे ८० पट येतो. ४० अंशांवर तो आणखी साडेतीन पट वाढतो. मराठवाड्यातील मे महिन्यात शीतपेटी बंद पडून माल एक दिवस ४० अंशांवर राहिला, तर त्याचे आयुष्य २५ अंशांवरील साडेतीन दिवसांइतके खर्च होते. तात्पर्य, वेष्टनावरील तारीख हे मालाचे खरे वय नव्हे. त्याने सोसलेली उष्णता हेच त्याचे वय होय.

मग नुकसान नेमके कोठे होते? १८० अंशांवर दोन तास पक्वन केल्यास उरलेली अभिक्रिया पुरी होते आणि अंतिम काचसंक्रमण-तापमान पुष्कळदा ताज्या मालाइतकेच भरते. परंतु एवढ्यावरून माल निर्दोष ठरविणे धोक्याचे आहे. पक्वनात राळ प्रथम पातळ होते, नंतर घट्ट होते. त्या अल्पकालीन प्रवाहीपणातच थर एकजीव व्हावयाचे असतात आणि अडकलेली हवा बाहेर पडावयाची असते. वृद्ध राळ मुळातच दाट असते व लवकर गोठते. परिणामी आत पोकळ्या राहतात आणि थरांमधील बंध दुबळा होतो.

ह्यासाठी पक्वनापूर्वीच उष्णतामापी परीक्षण करावे. अपक्व राळेचे काचसंक्रमण-तापमान वाढलेले आणि शिल्लक अभिक्रिया-उष्णता घटलेली आढळल्यास माल वृद्ध झाला असे समजावे. तसेच शीतपेटीतून काढलेले वेष्टन खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा त्यावर दव जमते आणि तेच पाणी पक्वनात वाफ होऊन पोकळ्या निर्माण करते.

तारीख उलटली म्हणून चांगला माल टाकून देणे आणि तारीख शिल्लक आहे म्हणून बिघडलेला माल विमानाच्या पंखात घालणे, ह्या दोन्ही चुका टाळण्यास तापमानाची अखंड नोंदवही आणि पक्वनापूर्वीचे परीक्षण हीच साधने होत.