घरफाळा आणि आपली शाळा



येत्या ग्रामसभेपुढे आपल्या गावच्या घरफाळ्याच्या नव्या आकारणीचा विषय आहे. काही लोक पारावर म्हणतात, "नवी आकारणी नको, जुनाच फाळा पुष्कळ झाला." मला वाटते की नवी आकारणी व्हावी आणि सगळ्यांनी फाळा वेळेवर भरावा. असे का वाटते ते मी या लेखात सांगते.

घरफाळा म्हणजे काय ?

आपल्या घरावर ग्रामपंचायत दर वर्षी जो कर घेते त्याला आपल्या कोल्हापूरकडे घरफाळा म्हणतात. दुसऱ्या जिल्ह्यांत त्यालाच घरपट्टी म्हणतात. हा कर घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याने मिळाला आहे. मातीच्या घराला फाळा कमी असतो, स्लॅबच्या घराला जास्त असतो. दर चार वर्षांनी घरे पुन्हा मोजून आकारणी ठरवतात. कारण चार वर्षांत कुणी माडी बांधतो, कुणी नवे दुकान काढतो. आकारणीची यादी ग्रामपंचायतीत लावतात. कुणाला चूक वाटली तर मुदतीत हरकत घेता येते.

मी आमच्या घरची पावती पाहिली. तिच्यावर घरफाळा, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत फाळा भरला तर शेकडा ५ सूट मिळते. वर्ष उलटून गेले तर शेकडा ५ दंड बसतो. आमचे आबा सूट घेतात, कारण आज्जी त्यांना आठवण करते.

शाळा तर फुकट आहे ना ?

मला पण आधी असेच वाटायचे. गुरुजींनी समजावून सांगितले की शाळा आपल्याला फुकट असते, पण तिचा खर्च कुणीतरी भरतच असतो. गुरुजींचा पगार सरकार देते, तो जिल्हा परिषदेकडून येतो. दुपारच्या जेवणाचे पैसे केंद्र सरकार आणि राज्य सरकार मिळून देतात. शाळेच्या किरकोळ खर्चाचे अनुदान पटावर ठरते. आपला पट ५८ आहे, म्हणून आपले अनुदान थोडे असते. खडू, फडे, रंग यांतच ते संपते.

मग विजेचे बिल, टाकीत पाणी सोडणे, मुताऱ्या धुणे, तुटलेले फाटक बसवणे, हे कुणी करायचे ? ते ग्रामपंचायत करते. पण फाळा जमला नाही तर ग्रामपंचायत तरी काय करणार ? गेल्या वर्षी बिल थकल्यामुळे आपल्या शाळेची वीज तीन आठवडे बंद होती. मोटार चालली नाही, टाकी रिकामी राहिली. मुलांचे काम कसेबसे भागले, पण मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या, आणि काही परत यायच्याच नाहीत. त्यांचा अभ्यास बुडाला.

आधीचे लोक काय करत होते ?

कर भरून शाळा चालवणे ही काही नवी गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळी मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. कर शेतकरी भरतात, पण त्यांच्याच मुलांच्या शिक्षणावर खर्च होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जो मुलाला शाळेत धाडत नसे त्याला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी एक रुपया म्हणजे पुष्कळच. पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या.

लोक काय म्हणतात ?

काही जण म्हणतात, "आमची पोरं गाडीत बसून इंग्रजी शाळेला जातात. आम्ही का द्यावे ?" पण मतदान आपल्याच शाळेत होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी लोकांना शाळांमध्येच राहायला आणले होते. तेव्हा कुणाचे पोर कुठल्या शाळेत जाते हे कुणी विचारले नाही. शाळा सगळ्या गावाची असते.

काही जण म्हणतात, "पैसे जातात कुठे ते कळत नाही." हे मात्र मला बरोबर वाटते. नियम असा आहे की ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील शंभर रुपयांपैकी १५ रुपये मागासवर्गीयांसाठी, १० रुपये महिला व बालकल्याणासाठी आणि ५ रुपये दिव्यांगांसाठी खर्च करायचे. उरलेल्या ७० रुपयांत गावाची बाकीची कामे येतात. शाळेला त्यातले किती दिले, ते ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहावे. आम्ही पोरे ते वाचून घरी सांगू.

आता एक हिशेब करू. समजा गावात २५० घरे आहेत. प्रत्येक घराला वर्षाला ४० रुपये जास्त पडले.

२५० × ४० = १०,००० रुपये

एका घराला महिन्याला साडेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. गोळ्याबिस्किटांना आम्ही यापेक्षा जास्त मागतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असेच.

म्हणून पालकांनो, ग्रामसभेला जरूर या. नव्या आकारणीला हात वर करा, आणि तिथेच शाळेच्या खर्चाचा हिशेब पण मागा. मित्रांनो, तुम्ही आज घरी जाऊन एवढेच विचारा, "आपल्या फाळ्याची पावती झाली का ?"

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी