वऱ्हाडचा कापूस, ओसाकाचे सूत आणि मजुरांची संघटना

१८९७ हे साल वऱ्हाडात स्मरले जाते ते अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेमुळे. त्या डिसेंबरात दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि चेट्टूर शंकरन् नायर यांनी अध्यक्षपद भूषविले होते. परंतु त्याच सालातील आणखी तीन घटना अभ्यासकाने एकत्र मांडून पाहाव्यात, असे मला वाटते. ९ फेब्रुवारीस मुंबईत प्लेगाच्या साथीने गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा अंत झाला. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अंमलाखालील वऱ्हाड प्रांतास कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा लागू झाला. आणि जुलै महिन्यात, अमेरिकेत मजुरी करून व तेथील कामगार-चळवळ डोळ्यांनी पाहून परतलेल्या ताकानो फुसातारो या तरुणाने तोकियोत कामगार संघ स्थापण्याच्या प्रचारार्थ ‘रोदो कुमिआई किसेइकाई’ ही संस्था काढली.

या घटनांचा परस्परांशी वरवर काही संबंध दिसत नाही, तरी त्यांच्यामधून कापसाचा एक धागा गेलेला आहे. ओसाका येथील पहिली मोठी सूतगिरणी १८८३ साली १०,५०० चात्यांनिशी सुरू झाली आणि दहा वर्षांच्या आत जपानी गिरण्यांची कापसाची भूक इतकी वाढली की, १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने जपानच्या निप्पोन युसेन काइशा या कंपनीने मुंबई ते कोबे अशी आगबोटींची वाहतूक सुरू केली, आणि पुढे १८९६ मध्ये जपान सरकारने कच्च्या कापसावरील आयात-जकातच उठविली. परदेशच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाणारा, आखूड धाग्याचा व स्वस्त असा वऱ्हाड-खानदेशाचा कापूस जाड्या सुतासाठी जपान्यांना उत्तम मानवला. अकोला, खामगाव व अमरावती येथून आगगाडीने मुंबईस गेलेल्या गाठी अशा रीतीने समुद्र ओलांडून ज्या हातांत पडत, ते हात बहुतेक शेतकऱ्यांच्या कोवळ्या मुलींचे होते.

त्या मुलींची हकीकत हृदयद्रावक आहे. आईबापांना उचल देऊन गिरणीचे दलाल त्यांना खेड्यांतून आणीत. गिरणीच्याच आवारातील वसतिगृहात त्या राहत आणि एका पाळीच्या मुली उठल्या की दुसऱ्या पाळीच्या मुली त्याच अंथरुणात शिरत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांनी चात्या रात्रंदिवस फिरत राहत. होसोई वाकिझो या स्वतः गिरणीत राबलेल्या कामगाराने हे सारे १९२५ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडले आणि ग्रंथ प्रसिद्ध होऊन महिना-दीड महिना लोटतो तोच त्याने देह ठेवला. तथापि या मुली मुकाट्याने सारे सोसीत राहिल्या असे कोणी समजू नये. जपानातील आद्य संपांपैकी एक १८८६ साली कोफू येथील रेशमाच्या कारखान्यातील बायकांनीच केला होता.

ताकानोच्या प्रयत्नाने डिसेंबर १८९७ मध्ये लोहकामगारांचा संघ उभा राहिला व कातायामा सेन याच्या संपादकत्वाखाली कामगारांचे मुखपत्र निघाले. परंतु १९०० च्या सार्वजनिक शांतता पोलीस कायद्याने संपाची चिथावणी हाच गुन्हा ठरविला आणि ते रोपटे करपून गेले. १९०४ साली आम्स्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत हाच कातायामा आणि आपले दादाभाई नौरोजी हे दोघेही उपस्थित होते. पुढे १९१२ साली सुझुकी बुंजी याने अवघ्या १५ जणांनिशी ‘युआइकाई’ म्हणजे स्नेहमंडळ काढले आणि दहा वर्षांच्या आत त्यातून अखिल जपानचा कामगार महासंघ निर्माण झाला.

आता वऱ्हाडाकडे वळू. येथे कामगार मुख्यतः जिनांत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत होता. दसऱ्यानंतर जिनांचे भोंगे वाजू लागत. लांबच लांब पडवीत चरक्यांच्या रांगा, प्रत्येक चरक्याशी एक बाई, नाकातोंडाला पदर गुंडाळलेला. ती ओंजळीने कापूस यंत्रावर घालीत राही, रुई पुढे पडे, सरकी खाली गळे आणि हवेतील तंतू केसांवर, पापण्यांवर व छातीत साचत जाई. १८८५ साली मुंबईच्या फॅक्टरी कमिशनसमोर शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, तीत ऐन हंगामात तीच माणसे सलग आठ-आठ दिवस-रात्री राबतात, असे नमूद आहे. हंगामी जिनांस आवर घालणारा कायदा मात्र नव्हता, कारण १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातून वर्षाकाठी चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते. ती पळवाट १९११ साली बुजली. तरीही १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांस आठवड्याचे ५४ तास घालून दिले, तेव्हा हंगामी कारखान्यांस ६० तासांची मुभा राहिलीच.

याउलट बाजाराचा कायदा पाहा. कारंजा येथे १८८६ पासून आणि १८९७ नंतर वऱ्हाडात इतरत्र, मापाऱ्याने परवाना घ्यावा, दलाली किती असावी, तोलात खोट नसावी, हे सारे सरकारी हुकुमाने ठरले. कापसाच्या वजनाची चिंता सरकारने मजुराच्या श्रमाच्या कितीतरी आधी वाहिली, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

मग येथे जिनांत संघटना का झाली नाही? नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तेथे संप झाला, कालांतराने रा. स. रुईकर यांच्यासारखा नेता त्या शहरास लाभला. मुंबईत लोखंड्यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनकडे धाडला, १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली आणि १९०८ साली टिळकांच्या शिक्षेच्या निषेधार्थ गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. या कामगारांजवळ बारमाही काम व एका चाळीतला शेजार होता. जिनातली बाई मुकादमाची उचल घेऊन येई, होळी आटोपली की शेताच्या कामाला जाई आणि पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्याच जिनात बसे. अकोल्याच्या व अचलपूरच्या कापड गिरण्यांत बारमाही काम होते, म्हणून युनियनचा शब्द तेथे रुजू शकला. जिनाच्या पडवीत मात्र तो क्वचितच शिरला. माझ्या मते संघटनेच्या अभावाचे मूळ मजुराच्या स्वभावात नव्हते, हंगामाच्या रचनेत होते; आणि ‘वऱ्हाडी मजूर सोशिक’ हा आपल्या पुस्तकांतला शेरा अन्यायाचा आहे.

१९३३ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर परदेशी कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. जानेवारी १९३४ च्या तहनाम्याने १० लाख गाठींच्या मोबदल्यात ३२.५ कोटी वार कापड आयात करण्याचे ठरले. गाठी मोजल्या गेल्या, वार मोजले गेले. तो कापूस पिकविणारे, पिंजणारे व विणणारे यांच्या मजुरीचा मात्र त्या कराराशी संबंध नव्हता.

युद्धकाळात जपानचे सारे कामगार संघ मोडून सरकारी मंडळात जिरविण्यात आले. पराभवानंतर डिसेंबर १९४५ मध्ये कामगार संघ कायदा झाला आणि १९४९ पर्यंत दर शंभर नोकरदारांतील सुमारे ५६ जण संघांचे सभासद झाले. आज ते प्रमाण १७ टक्क्यांच्या आत आहे. तेथेही हंगामी व कंत्राटी मजूर संघाबाहेर राहतो.

वऱ्हाडच्या मजुरांचा हा इतिहास हरवू नये म्हणून अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील ज्या घरांत जुन्या जिनांची हजेरीबुके, मुकादमांच्या वह्या, युनियनची पावतीपुस्तके अद्याप पडून असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात जमा करावीत, आणि ज्यांच्या आजीने जिनात काम केले असेल त्यांनी तिचे बोलणे तिच्या हयातीतच लिहून ठेवावे.